गुलाबाचं कुंपण: काडी फुटली म्हणजे जगली असं नव्हे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात मला तीन वेगळे प्रश्न दिसतात. सासवडजवळ पंधरा गुंठे जागा, रस्त्याकडची आणि ओढ्याकडची मिळून तीनशे फूट हद्द, तिथं तारेऐवजी गुलाबाचं काटेरी कुंपण करायचंय. बहिणीनं इंग्लंडहून रानगुलाबाची वाळलेली लाल फळं आणली, त्यांच्या बिया मार्चमध्ये कुंडीत टाकल्या, एकही उगवली नाही. त्याआधी गावच्या वाड्यातल्या जुन्या गुलाबाच्या पंचवीस काड्या लावल्या. बावीस फुटल्या, तुम्ही खूश झालात आणि महिन्याभरात सगळ्या काळ्या पडून वाळल्या. ‘बी बरं की काडी, आणि माझं चुकलं कुठं?’ असं तुम्ही विचारलंय.

उरुळी कांचनच्या बाजूला आमची रोपवाटिका आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला डोळा भरणं, म्हणजे एका गुलाबाचा डोळा दुसऱ्यावर बसवून कलम करणं, हेही ठाऊक नव्हतं, सगळं मामंजींच्या हाताखाली शिकले. त्याला आता तीसएक वर्षं होतील. त्यामुळे खाली जे लिहितेय ते पुस्तकातलं कमी आणि पिशव्या भरता भरता कळलेलं जास्त आहे.

आधी इंग्लंडच्या बिया. त्या उगवल्या नाहीत यात तुमची चूक नाही. तिकडचा कुत्रागुलाब, म्हणजे रोझा कॅनिना, बी पडल्यावर लगेच उगवणारा नाहीच. त्याच्या बीचं कवच हाडासारखं कठीण असतं आणि आत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. त्याला आधी दोन-तीन महिने उबदार ओल लागते, मग तीन-चार महिने चार-पाच अंशांची थंडी, आणि त्यानंतर कुठे तो विचार करतो. तिथल्या मातीत पडलेलं बी बरेचदा दुसऱ्या वसंतात उगवतं. तुम्ही मार्चमध्ये पेरलंत. पुढे एप्रिल-मेचं ऊन लागल्यावर ते बी कुंडीत नुसतं भाजलं असणार. समजा फ्रीजच्या मदतीनं उगवून आणलंत, तरी हे झाड थंडीवर फुलणारं आहे, वर्षातून एकदाच. सासवडची डिसेंबरची थंडी आपल्याला स्वेटर काढायला लावते, कॅनिनाला ती पुरत नाही. पाला येईल, फुलाची वाट पाहत बसाल.

आणखी एक. परदेशातून बी किंवा रोप आणायला भारत सरकारच्या २००३च्या आदेशाप्रमाणे परवाना आणि तिकडच्या खात्याचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. बहिणीनं प्रेमानं आणलं हे कळतं, पण पुढच्या वेळी चॉकलेटं आणायला सांगा. नुसता कागदाचा प्रश्न असता तर मी बोललेही नसते. अमेरिकेत १९३०च्या दशकात सरकारी मृदसंधारण खात्यानंच मल्टिफ्लोरा गुलाब जिवंत कुंपण म्हणून शेतकऱ्यांना लावायला दिला. पक्ष्यांनी फळं खाल्ली, बिया कुरणांत पसरल्या आणि आज तिथल्या कित्येक राज्यांत तो उपद्रवी तण म्हणून जाहीर झालेला आहे. कुंपण हद्द सोडून चालायला लागलं की आवरत नाही.

तुमच्या बहिणीनं तिकडे जे पाहिलं, ते बहुतेक गुलाबाचं कुंपण नसावं. इंग्लंडच्या शेतांच्या कडेची कुंपणं मुख्यतः हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाची असतात. गुलाब त्यात घुसलेला असतो, त्याच्या आधारानं वर चढतो आणि जूनमध्ये फुलला की सगळं श्रेय घेऊन जातो. जनावर अडवतो हॉथॉर्न. तुमचं सगळं नियोजन मी याच्यावरच बेतणार आहे, म्हणून एवढं सांगितलं.

आता काड्यांकडे येते, कारण खरी गंमत तिथंच आहे.

मामंजींनी पहिल्यांदा माझ्यावर एकटीवर सोपवलेली तुकडी आठशे पिशव्यांची होती. ऑक्टोबरात काड्या भरल्या, वर बांबूच्या कामट्या वाकवून प्लास्टिकचा बोगदा केला. विसाव्या-बाविसाव्या दिवशी बघते तर सगळ्या पिशव्यांतून तांबूस कोवळी पालवी. मला कोण आनंद! प्लास्टिक काढून टाकलं, रोपांना मोकळी हवा मिळू दे म्हणून, आणि मामंजींना बोलावून आणलं. ते काही बोलले नाहीत. मधल्या ओळीतली चांगली तरारलेली एक पिशवी उचलली, ब्लेडनं उभी चिरली आणि बादलीतल्या पाण्यात काडी हलकेच खळबळून वर काढली. खालच्या टोकाला शाबुदाण्यासारखी पांढरी, खडबडीत गाठ होती, आणि मुळाचा एक धागाही नव्हता. वर चार इंची फूट, सात-आठ पानं, आणि खाली काही नाही. ‘ही काडी स्वतःचंच खातीय,’ एवढंच म्हणाले. प्लास्टिक पुन्हा घातलं, पण तीन-चार दिवसांची कोरडी हवा लागायची ती लागून गेली होती. आठशेतल्या शंभरही हाती आल्या नाहीत.

तुमच्या बावीस काड्यांचं हेच झालं. काडीत साठवलेलं अन्न आणि पाणी असतं, त्यावर डोळे फुटतात. मुळं नसली तरी फुटतात. पानं आली की त्यातून पाणी उडायला लागतं, खालून पुरवठा नसतो, साठा संपला की काडी वरून काळी पडत येते. लोकांना वाटतं रोग पडला, मग औषध मारतात, जास्त पाणी घालतात, आणि जी दोन-चार वाचणार होती तीही कुजतात. आमच्याकडे पहिली पालवी काडीची आणि दुसरी मुळांची असं धरतात. पहिल्या फुटीनंतर वाढ थबकते, कधी एखाद-दोन पानं पिवळी होऊन गळतात, आणि चार-सहा आठवड्यांनी शेंडा पुन्हा सरकायला लागतो. तो सरकला, किंवा पिशवीच्या खालच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं, की मग रोप झालं म्हणायचं. मूळ आलंय का बघायला काडी ओढून पाहायची सवय अनेकांना असते. आलेली मुळं तुटतात, दुसरं काही साधत नाही.

काडी निवडण्यापासून सांगते. वाड्यातला तुमचा गुलाब फोटोत नीट दिसत नाही, पण गुलाबी, झुपक्यानं येणारा, दाट वासाचा, वर्षभर थोडाथोडा फुलणारा आणि आजी त्याचा गुलकंद करायची असं तुम्ही लिहिलंय. यावरून तो आपल्याकडे एडवर्ड म्हणतात तो असावा. तसं असेल तर तुम्ही नकळत योग्य झाडाशी पोचलाय. या गुलाबाची जी कथा सांगतात ती कुंपणाचीच आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, तेव्हा त्याचं नाव बूर्बाँ होतं, लोक शेतांना दोन जातींच्या गुलाबांची कुंपणं करत, एक चिनी आणि एक दमास्क. दोन ओळी शेजारी, मधमाश्यांना कुणी अडवणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका मळेवाल्याच्या कुंपणात तिसऱ्याच चेहऱ्याचं झाड दिसलं. त्याचं नाव एद्वार, म्हणून गुलाब एद्वारचा. आपल्या जिभेवर त्याचा एडवर्ड झाला. बेटावर आलेल्या ब्रेआँ नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञानं त्याच्या बिया १८१९ मध्ये फ्रान्सला धाडल्या आणि त्यातून बूर्बाँ गुलाबांचं सगळं घराणं उभं राहिलं.

ही गोष्ट उगाच सांगितली नाही. त्या बेटावर नवा गुलाब आला तो बीतून. तो टिकवला, वाढवला, तो काडीतून. गुलाबाचं बी पेरलं की आईसारखं झाड येईल याची अजिबात खात्री नसते. शंभर बियांतून शंभर तऱ्हा येतात. कुणी गुडघ्याएवढा, कुणी डोक्यावर जाणारा, कुणी भुरी रोगानं कायम पांढरा. कॅनिनासारखी एखादी रानजात बरीचशी आईवर जाते, पण बागेतले संकरित गुलाब नाहीत. कुंपणाला सगळी झाडं एका चालीची लागतात. म्हणून गुलाबासाठी काडी. बी हौसेला ठेवा, त्याबद्दल पुढे सांगते.

एक इशारा: वाड्यातला नसेल आणि शहरातल्या बंगल्यातून, लग्नातल्या बुकेतून काड्या घ्यायचा विचार असेल तर नको. लांब देठाचे फुलवाल्यांचे गुलाब दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे त्याच्या मुळासकट बुडख्यावर, वाढायची सवय लागलेले असतात, पॉलिहाऊसवाले त्यांना नाताल ब्रायरसारख्या खुंटावर बांधतात. त्यांची काडी मूळ धरते कधीकधी, पण स्वतःच्या मुळांवर ते झाड रडत राहतं. उलट, नर्सरीतून आणलेल्या कलमी गुलाबाच्या बुडातून जी रानटी फूट येते आणि आपण चिडून कापून टाकतो, ती खुंटाची फूट काडीनं पटकन लागते आणि कुंपणाला तगडी असते. फक्त फुलं साधी, लहान. ‘सात पानांची फूट रानटी, पाच पानांची कलमी’ या हिशोबावर मात्र जाऊ नका. कित्येक चांगल्या गुलाबांनाही सात पानं येतात. फूट कलमाच्या जोडाच्या खालून आलीय की वरून, एवढंच बघायचं.

वेळ कोणती? आपल्या पठारावर ऑक्टोबरची छाटणी झाली की त्याच काड्या घ्यायच्या, दसऱ्यापासून फार तर जानेवारीपर्यंत. कोकणात आणि घाटमाथ्यावर लोक जूनमध्ये थेट बांधावर काडी खोचतात आणि ती लागतेही, कारण तिथं हवाच ओली असते. सासवडला ते जमणार नाही. तुम्ही काड्या फेब्रुवारी संपता संपता लावल्यात, म्हणजे मुळं सुटायच्या वेळी पारा चाळीसकडे निघालेला.

जिच्यावरचं फूल नुकतंच झडलंय, जी पेन्सिलीएवढी जाड आहे, अशी फांदी घ्या. काटा बाजूनं अंगठ्यानं दाबा. कट्कन स्वच्छ तुटून आला तर फांदी तयार आहे. वाकला आणि सालीसकट सोलला तर कोवळी. अगदी जून, राखाडी सालीची फांदीही नको, ती सहा महिने हिरवी राहील आणि मूळ सोडणार नाही. सहा ते आठ इंचांचे तुकडे करा, प्रत्येकावर चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, आडवा. असं ठरवून ठेवलं की काडी उलटी लागत नाही. हसू नका, आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलांनी एकदा अख्खा ट्रे उलटा लावला होता. काप धारदार कात्रीनं घ्या, साल चेंबली की तिथून सड सुरू होते. कापलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावून टाका. पानं काढा, वरच्या डोळ्यापाशी अर्धं पान राहिलं तर चालेल. वरच्या कापावर आमच्याकडे अजूनही ताज्या शेणाची टिकली लावतात, ओल उडत नाही. मेणबत्तीचा थेंबही चालतो.

बटाट्यात काडी खोचायची, मधात बुडवायची, हे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. बटाट्याचा प्रयोग मी हौसेनं केला होता. बटाटा उत्तम उगवला, गुलाब नाही. कोरफडीचा गर लावल्यानं नुकसान झालेलं पाहिलं नाही, फार फायदाही नाही. कृषी सेवा केंद्रात मुळं फुटायची पावडर छोट्या डबीत मिळते, तिच्यात आयबीए नावाचं मुळं फुटवणारं संप्रेरक असतं, ती घ्या. कोरडी ठेवा, काडीचं खालचं अर्धा इंच टोक तिच्यात टेकवा आणि जास्तीची झटका. जास्त लावल्यानं जास्त मुळं येत नाहीत, टोक जळतं. पिशवीत आधी काठीनं भोक पाडा आणि मग काडी सोडा. थेट खुपसली तर पावडर वरच पुसली जाते.

पिशवीत काय भरायचं यावर प्रत्येक माळी वेगळं सांगेल. मी निम्मी जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेते. कोकोपीट दोन पाण्यांतून धुऊन, नाहीतर त्यातला खार राहतो. आता नदीची वाळू परवडत नाही, क्रशरची घेतलीत तर धुऊन तिची भुकटी काढून टाका. ती भुकटी पिशवीत सिमेंटसारखी बसते. या पिशवीत शेणखत घालू नका. मुळं नसलेल्या काडीला खताचा उपयोग नाही, आणि अर्धं कुजलेलं शेणखत म्हणजे वाळवी आणि हुमणीला आवतण. चार बाय सहा इंची पिशवी पुरते. काडीचे दोन डोळे मातीत, दोन वर. बोटांनी घट्ट दाबा, बुडाशी पोकळी राहता कामा नये.

आता तो बोगदा. घराच्या उत्तरेला किंवा पन्नास टक्के शेडनेटखाली पिशव्या उभ्या करा, एकदा भरपूर पाणी द्या, वर कामट्या आणि पांढरं पारदर्शक प्लास्टिक, कडा मातीत दाबून. भर उन्हात बोगदा करू नका, आत काड्या शिजतात. रोज सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम धरलेला दिसला पाहिजे. घाम आहे तोवर पाण्याला हात लावायचा नाही. थेंब दिसेनासे झाले की फवारा. बहुतेकांच्या काड्या पाणी कमी पडून नाही, पाणी जास्त होऊन मरतात. दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटं एक टोक उघडून हवा द्या, बुरशी धरलेली काडी दिसली तर पिशवीसकट बाहेर. आणि तिसऱ्या आठवड्यात पालवी दिसली की माझ्यासारखं करू नका. सहा आठवडे होईस्तोवर प्लास्टिक राहू द्या. त्यानंतरही एकदम नाही, आठ-दहा दिवसांत आज एक कड, उद्या दुसरी, असं उघडा. या काळात एखादी काडी कळी काढते. मोह आवरा, खुडून टाका.

इतकं करूनही शंभरातल्या साठ-सत्तर लागल्या तर मी समाधानी असते. घरी पहिल्यांदाच करणाऱ्यानं निम्म्या धराव्यात.

आणि इथं तुमच्या तीनशे फुटांचा हिशोब येतो. नुसत्या गुलाबाचं कुंपण म्हणजे दोन फुटांवर एक, दीडशे झाडं, म्हणजे तीनशे काड्या. वाड्यातल्या एका झाडातून छाटणीला चाळीस-पन्नास चांगल्या काड्या निघतील, तीन झाडं असतील तर दीडशे. म्हणजे एका वर्षात हे होत नाही. झालं तरी मला ते तुमच्या जागेला पटत नाही. ओढ्याकडून शेळ्या येतात असं तुम्हीच लिहिलंय. शेळीला गुलाब किती आवडतो हे ज्याच्या अंगणात एकदा शेळी शिरली त्याला विचारा. काटे बाजूला ठेवून पानं, शेंडे, कळ्या, सगळं जातं. गुलाबाच्या कुंपणाला शेळ्यांपासून वाचवायला आधी दुसरं कुंपण लागतं.

म्हणून हॉथॉर्नची गोष्ट केली. आपला हॉथॉर्न करवंद आहे. बाहेरच्या अंगाला करवंदाची ओळ, अडीच फुटांवर एक, तीनशे फुटांना एकशेवीस झाडं. आतल्या अंगाला तीन फूट सोडून गुलाबाची ओळ, चार फुटांवर एक, म्हणजे पंचाहत्तर. शेळ्या करवंदाचे कोवळे शेंडे ओरबाडतील, पण दुहेरी काट्यातून आत शिरणार नाहीत. गुलाब वाढला की करवंदावर टेकेल आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला सगळं गुलाबाचंच वाटेल. शिवाय करवंद एकदा धरलं की पाणी मागत नाही, ठिबकची नळी फक्त गुलाबाच्या ओळीला. पंचाहत्तर गुलाबांना दीडशे काड्या पुरतात. झाडं दोनच असतील तर गावात आणखी कुणाच्या परसात तोच गुलाब असणार, मागून घ्या. छाटणीच्या काड्यांना कुणी नाही म्हणत नाही.

बियांची हौस असेल तर ती करवंदावर भागवा. मे अखेर-जूनला पिकलेली करवंदं खायची, बिया धुऊन लगेच पिशवीत टाकायच्या. त्या साठवून ठेवल्या की उगवण उतरते, ताज्या मात्र सहज येतात. त्या रोपांना जागेवर जायला आणखी एक पावसाळा लागेल. घाई असेल तर पुढच्या जूनला तयार रोपं घ्या, वनखात्याच्या रोपवाटिकांत बहुधा स्वस्तात मिळतात.

गुलाबाचंच बी उगवून पाहायचं असेल तर घरच्याचं पाहा. थंडीत फुललेली दोन-चार फुलं खुडू नका, त्यांची बोंडं मार्चच्या आसपास नारिंगी होतील. सगळी धरणार नाहीत, काही जाती वांझच असतात. बोंड कापलं की आतली लव हाताला खाजते, पाण्याखाली चोळून बिया सुट्या करा. सावलीत सुकवून ठेवा. ऑगस्टमध्ये ओलसर कोकोपीटमध्ये कालवून, पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या भागात, कोथिंबिरीशेजारी ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. सहा-आठ आठवड्यांनी, म्हणजे ऑक्टोबरात, अर्धा इंच खोल पेरा. काही पंधरा दिवसांत येतील, काही दोन महिन्यांनी, काही कधीच नाही. सदाफुलणाऱ्या आईची रोपं वीतभर व्हायच्या आधीच एखादं चिमुकलं फूल दाखवतात. ते बघण्यात फार मजा आहे, पण त्याच्यावर हद्दीचा भरवसा नको. आणि ‘निळा गुलाब, हजार बिया’ अशी ऑनलाइन मिळणारी पाकिटं घेऊ नका. आमच्याकडे दर पावसाळ्यात कुणीतरी तसली रोपं ओळखायला घेऊन येतं आणि ती कधी चंदनबटवा निघते, कधी निव्वळ गवत.

जमिनीबद्दल मी इथून ठाम सांगू शकत नाही, कारण सासवडकडे एका बांधावर लाल मुरूम असतो आणि पलीकडे चुनखड. ढेकळावर लिंबू पिळून बघा. फसफसलं तर चुना भरपूर आहे. तसल्या मातीत गुलाबाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसायला लागतात, लोह मुळांना उचलता येत नाही म्हणून. खुंट म्हणून बरेचदा वापरतात त्या मल्टिफ्लोरा जातीला तर चुनखड अजिबात सोसत नाही, तेव्हा खुंटाच्या फुटीचं कुंपण करणार असाल तर आधी हे तपासा. उपाय म्हणून आम्ही दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून त्यात पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरतो, शेणखतात थोडं हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, मुरवून. काळी चिकण असेल तर चर भरून वर गादी उचलून घ्या, पावसाळ्यात बुडाशी पाणी तुंबलं तर गुलाब शेंड्यापासून मरत येतो.

म्हणजे क्रम असा: ऑक्टोबरात काड्या, डिसेंबरात बोगदा उघडायचा, जानेवारीत मोठ्या पिशवीत बदल आणि आता शेणखत, उन्हाळा शेडनेटखाली, एप्रिल-मेमध्ये चर खणून तापू द्यायचा, आणि पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड. तारेचं कुंपण दोन वर्षं तरी काढू नका.

लावल्यावरची एक गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. पहिल्या ऑक्टोबरला जीव घट्ट करून प्रत्येक गुलाब फूटभर ठेवून छाटा. नाहीतर झाड वर जातं, खाली बुडखा उघडा राहतो आणि कोंबड्यासुद्धा आरपार जातात. दुसऱ्या वर्षी जे लांब धुमारे येतील ते उभे सोडू नका, आडवे वाकवून करवंदाला किंवा तारेला बांधा. आडव्या फांदीचा प्रत्येक डोळा फुटतो. आणि जिथं रोप मेलं, तिथं नवीन विकत आणायची गरज नाही. शेजारच्या गुलाबाची लवचीक फांदी पावसाळ्यात खाली ओढायची, मधे खालच्या अंगाला साल जराशी खरवडायची, तो भाग चार बोटं मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दसऱ्यापर्यंत मुळं धरतात, मग आईपासून तोडायचं. दाब कलम ते. यात काडी उपाशी राहायचा प्रश्नच नाही, मुळं येईस्तोवर आई खाऊ घालते.

आता श्रावण चाललाय, छाटणीला दोन महिने आहेत. तोवर वाड्यातल्या त्या गुलाबाकडे लक्ष द्या. तुमच्या फोटोत त्याच्या बुडाशी फरशी दिसतेय, कडेनं गवत आहे आणि फांद्या काडीसारख्या बारीक. गवत काढा, एक घमेलं कुजलेलं शेणखत घाला, पाऊस उघडला की आठवड्यातून दोनदा पाणी सुरू करा, आणि वाळलेल्या फांद्या आत्ताच काढून टाका. नवीन धुमारे ऑक्टोबरपर्यंत पेन्सिलीएवढे झाले नाहीत, तर यंदा काड्या घेऊ नका, एक वर्ष थांबा.